वर्डलच्या फाइलीत राहिलेला शब्द

जोश वॉर्डल यांचा 'वर्डल' हा शब्दखेळ २०२१ मध्ये सर्वांना खुला झाला. दिवसाला पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, ओळखायला सहा प्रयत्न. आम्हाला मात्र खेळापेक्षा त्याची फाइल अधिक उद्बोधक वाटली. उत्तरांचे २३१५ शब्द तीत क्रमवार, उघडेच लिहिलेले होते! १९ जून २०२१ पासूनचे दिवस मोजून ब्राउझर त्या क्रमांकाचा शब्द उचलीत असे. संगणकाचे घड्याळ एक दिवस पुढे केले की उद्याचे उत्तर हजर. रचना काटकसरीची खरी, पण प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर उत्तरे छापावीत तशी.

जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हा खेळ विकत घेतला व पुढे काही शब्द बदलले. तरीही जुनी फाइल साठून राहिलेल्या काही ब्राउझरांत ९ मे २०२२ रोजी 'फीटस', म्हणजे भ्रूण, हे उत्तर आले, इतरांना 'शाइन'. गर्भपाताच्या हक्कावरील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. हा निव्वळ योगायोग, असे वृत्तपत्राने सांगितले. आम्हाला ते पटते. त्या शब्दाचा दिवस यादीत आधीच्याच वर्षी ठरला होता. हेतू निर्दोष, रचना मात्र सदोष: सर्व्हरवरची प्रत सुधारली, तरी घरोघरच्या प्रती जुन्याच राहिल्या.