पसाभर गव्हाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिरात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. गावात सांगतात ती कथा अशी : रामाने टाकलेली सीता इथे आली आणि इथेच लव-कुशांचा जन्म झाला. त्या बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले. गावाने ते दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला की, या शिवारात गहू पिकणार नाही. संकरित बियाणे येईपर्यंत रावेरीत गहू झाला नाही, असेही जुनी माणसे सांगतात.

गेल्या काही वर्षांत इंग्रजीत ग्रीक पुराणकथांच्या पुनर्कथनाची लाट आली. ती वाचताना मला ही कथा वारंवार आठवत राहिली. मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ आणि पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ या दोन्ही कादंबऱ्या 2018मधल्या. ‘ओडिसी’त सर्सी हा नायकाच्या प्रवासातला एक मुक्काम आहे, तर मिलर तिला शतकांचे आयुष्य देतात. ‘इलियड’मध्ये जिच्यावरून दोन योद्धे भांडतात ती ब्रिसेइस बार्कर यांच्याकडे स्वतः बोलू लागते. अशा कादंबऱ्या वाचक आवडीने वाचतात, मीही वाचतो. ओळखीच्या वाड्यात मागच्या दाराने शिरावे आणि आजवर न पाहिलेले माजघर दिसावे, तसा हा आनंद आहे. तो कमी लेखण्याचे कारण नाही.

अडचण त्यांच्या स्तुतीत आहे. ‘दुर्लक्षित स्त्रीला प्रथमच आवाज मिळाला’ हे वाक्य या पुस्तकांबद्दल सर्रास वाचायला मिळते, आणि सीता-द्रौपदींवरच्या नव्या कादंबऱ्यांनाही आपण तेच चिकटवतो. मराठीपुरते तरी ते खरे नाही. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. त्यांत सीतेचा वनवास हा मोठा विषय आहे. कैकेयी तिच्याकडून रावणाच्या अंगठ्याचे चित्र काढून घेते, पुढचे चित्र स्वतः पुरे करते आणि रामाचे कान भरते, ही कथा लोकपरंपरेत बायकांनीच जपली. रानात रडणाऱ्या सीतेची समजूत बोरी-बाभळी काढतात, हेही त्यांनीच रचले. पुस्तकी परंपरेत पाहायचे तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ 1967चे आहे. गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांत आणण्याचे काम त्या पुस्तकाने तेव्हाच केले.

पण कोण आधी, हा वाद फार महत्त्वाचा नाही. नुसता आवाज दिल्याने काय बदलते, हा खरा प्रश्न आहे. पुनर्कथन वाचताना मी एक कसोटी लावतो : निवेदक बदलला, पण आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे आहे तेही बदलले का?

या कसोटीवर बार्कर यांची कादंबरी मधेच अडखळते. ब्रिसेइस बोलत असताना काही प्रकरणे अकिलीसच्या मनात शिरतात, आणि वाचकाची कणव पुन्हा त्याच्याकडे झुकते. उलट मार्गारेट अ‍ॅटवूड यांची 2005मधली ‘द पेनेलोपियाड’ बघा. तिथे पेनेलोपी स्वतःची बाजू मांडते, पण फाशी गेलेल्या तिच्या बारा दासी मधे मधे येऊन तिलाही सुखाने बोलू देत नाहीत. दुर्लक्षित राणीच्याही खाली कुणी दुर्लक्षित आहे, हे अ‍ॅटवूड विसरत नाहीत.

रावेरीच्या कथेत सीतेचे मनोगत नाही. तिला काय वाटले, हे कुणी सांगत नाही. एक मागणी आहे, एक नकार आहे आणि एक शाप आहे. मात्र आरोपी अयोध्येत नाही, तो गावातच आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गहू नाकारला तेच ही कथा सांगतात, आणि जिने शाप दिला तिलाच पूजतात. स्वतःवरचा ठपका पिढ्यान्पिढ्या जपून ठेवणारे पुनर्कथन मला छापील साहित्यात क्वचितच भेटले.

गहू न पिकण्याचे कारण सांगायला लोकांनी ही कथा रचली, असे कुणी म्हणेल. असेलही. पण नापिकीचे कारण सांगायला कुठलाही कोपलेला देव चालला असता, त्यासाठी दारात उपाशी बाळंतीण कशाला आणायची?

शरद जोशी यांनी सीतेच्या वनवासात मालमत्तेचा प्रश्न वाचला. 1986च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम होता. सीतेला एका शब्दावर घराबाहेर काढता आले, तर साध्या बाईची काय कथा, हा त्यामागचा युक्तिवाद. रावेरीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांच्याच पुढाकाराने झाला. पुराणकथेच्या वाचनातून सातबाऱ्यावरच्या नावापर्यंत पोचणारी समीक्षा मला दुसरी माहीत नाही. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी इतक्या बायका एकट्या मागे राहिल्या, तिथे तिचे मोल वेगळे सांगायला नको.

तरी रावेरीची कथाही पुरी नाही. शाप साऱ्या गावाला लागला, म्हणजे गावातल्या बायकांनाही लागला. सीता दारात उभी असताना घरातल्या कणगीवर हुकूम कुणाचा होता? एखादीच्या मनात पसाभर गहू द्यायचे असतील, पण हात थांबले असतील. त्या दाराआडच्या बाईबद्दल कथा काहीच बोलत नाही. नव्या लेखिकेला, लेखकाला पुनर्कथन करायचेच असेल, तर सुरुवात तिच्यापासून करावी.