न आलेल्या १०,८०० बायका

मॅमोग्राफीला नियमित जाणाऱ्या बायका जास्त जगतात, हे वाक्य तुमच्या फीडमध्ये कधीतरी आलंच असेल. आईला फॉरवर्डही केलं असेल. वाक्य खोटं नाही, पण त्यातून आपण जे काढतो ते बहुधा चुकतं. का, ते बघायला एक जुना तक्ता पुरतो.

न्यूयॉर्कच्या 'हेल्थ इन्शुरन्स प्लॅन'च्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० सभासद स्त्रियांचे १९६३ पासून दोन गट केले गेले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. एका गटाला दरवर्षी तपासणीचं बोलावणं, दुसऱ्याला नेहमीचीच वैद्यकीय सेवा. बोलावलेल्या ३१,००० पैकी २०,२०० आल्या, १०,८०० आल्या नाहीत.

पाच वर्षांत ब्रेस्ट कॅन्सर सोडून इतर कारणांनी झालेले मृत्यू बघा: आलेल्यांमध्ये हजारी २१, न आलेल्यांमध्ये ३८. आता छातीचा एक्स-रे काढल्याने हार्ट अटॅक टळतो, असं तर कुणी म्हणणार नाही ना? येणाऱ्या बायका जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या आणि मुळातच धडधाकट होत्या.

इथवर बरेच जण पोचतात. खरी गंमत पुढे आहे. ब्रेस्ट कॅन्सरने न आलेल्यांमध्ये हजारी १.५ मृत्यू झाले आणि ज्यांना बोलावलंच नव्हतं त्या गटात २. तपासणी न करताच कमी! कारण हा आजार खात्यापित्या घरांत जास्त आढळायचा; तिथे पहिलं मूल उशिरा, बाळंतपणं कमी. म्हणून आलेल्या आणि न आलेल्या यांची तुलना दोन्हीकडून फसवते. तुलना करायची ती बोलावलेल्या सगळ्यांची आणि न बोलावलेल्या सगळ्यांची: ३९ मृत्यू विरुद्ध ६३.

तक्ता मला फार आवडतो. तक्रार एका शब्दाची आहे. पाठ्यपुस्तकांत या १०,८०० जणींच्या रकान्यावर 'नकार दिलेल्या' असं लिहिलेलं असतं. नकार? कुणाची पाळी असेल कामावर, कुणाचं मूल घरी आजारी. आजही 'सहभागी स्त्रियांची वैशिष्ट्ये' सांगणाऱ्या पेपरांत वय, शिक्षण, उत्पन्न, लग्न असे बाईचेच रकाने भरलेले असतात. केंद्र किती लांब, त्या दिवसाचा पगार कापला जातो का, पत्र कुठल्या भाषेत होतं, हे क्वचितच विचारलं जातं.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत तपासणीच वस्त्यांपर्यंत गेली. दीड लाखांवर स्त्रिया सहभागी होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये मॅमोग्राफीऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायलाच हवं.

तुम्ही इंग्लंडमध्ये असाल, तर ५० ते ७१ वयात दर तीन वर्षांनी पत्र येतं, पहिलं ५३ व्या वाढदिवसाच्या आत. ते जीपीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर जातं. आईचा तिथे कुठला पत्ता आहे, तेवढं बघून घ्या.