पहिलं फुलपाखरू दिसलं, पण कोणाला?

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी संपत आला की स्थानिक निसर्गमंडळांच्या याद्या सुरू होतात. अमुक काउंटीत पहिलं ब्रिमस्टोन फुलपाखरू दिसलं, तमुक गावात बंबलबीची पहिली राणी उडताना दिसली, कोणाच्या तरी बागेत पहिली बी-फ्लाय आली. याद्या वाचायला मजा येते. आणि आपल्यासारख्या संशोधनाला बसलेल्या किंवा बसणाऱ्या लोकांचे हात लगेच शिवशिवतात. तारखा आहेत, वर्षं आहेत, तापमानाची आकडेवारी फुकट मिळते. रिग्रेशन लावायचं आणि मोकळं व्हायचं!

मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. आपल्याकडच्या एका फुलपाखराच्या मोबाईल अॅपवरच्या नोंदी उतरवून घेतल्या, दर वर्षाची सर्वांत लवकरची तारीख काढली, आणि स्लोप असा सुरेख आला की रात्री झोप लागेना. गाइडनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "दर वर्षी नोंदी किती होत्या, ते आधी सांग." मी दुसरा आलेख काढला. नोंदी दर वर्षी वाढतच होत्या. माझं फुलपाखरू लवकर येत होतं, की अॅप वापरणारे वाढत होते? मला सांगता येईना. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून आज ह्या विषयावरचा एक महत्त्वाचा पेपर कसा वाचायचा ते पाहू.

पेपर आहे डेव्हिड रॉय आणि टिम स्पार्क्स यांचा, सन 2000 चा, 'ग्लोबल चेंज बायॉलॉजी'मधला. ब्रिटिश फुलपाखरांचं वेळापत्रक आणि हवामानबदल हा त्याचा विषय. निष्कर्ष थोडक्यात असा: आधीच्या दोन दशकांत बहुतेक जातींचं पहिलं दर्शन लवकर होऊ लागलं आहे, आणि तापमान साधारण 1 अंश सेल्सिअसने वाढलं तर पहिलं दर्शन आणि ऐन बहराची तारीख बहुतेक जातींमध्ये 2 ते 10 दिवसांनी अलीकडे येऊ शकते. इतर जीवांशी असलेले संबंध, जमिनीचा बदलता वापर असे घटक मध्ये आले नाहीत तर, ही अटही लेखकांनी स्वतःच घातली आहे.

2 ते 10 दिवस हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता जरा हिशोब करू. समजा एका जातीची फुलपाखरं दिसण्याच्या तारखा 20 एप्रिलच्या आजूबाजूला पसरलेल्या आहेत, नॉर्मल वितरण आहे आणि प्रमाण विचलन 10 दिवसांचं आहे. ह्या वितरणात वर्षानुवर्षं काहीही बदल होत नाही असं धरा. एखाद्या वर्षी 10 नोंदी आल्या, तर त्यांतली सर्वांत लवकरची नोंद सरासरीच्या साधारण 15 दिवस आधीची निघते, म्हणजे 5 एप्रिल. 100 नोंदी आल्या तर 25 दिवस आधीची, म्हणजे 26 मार्च. 1000 आल्या तर 32 दिवस आधीची, म्हणजे 19 मार्च. फुलपाखरू जागचं हललेलं नाही, तापमान वाढलेलं नाही, तरी 'वसंत' 17 दिवस अलीकडे आला! खऱ्या कीटकांचं वितरण इतकं आदर्श नसतं, त्यामुळे फरक थोडा कमीजास्त होईल. पण ज्या परिणामाच्या शोधात आपण आहोत तो 2 ते 10 दिवसांचा, आणि निव्वळ नोंदी वाढल्याने होणारी चूक त्याहून मोठी असू शकते. आर मध्ये चार ओळींत हे करून बघता येतं. खरंच करा. वाचून पटणं वेगळं आणि स्वतःच्या स्क्रीनवर बघणं वेगळं.

उलटही होतं. एखादी जात कमी होत असेल, तर नोंदी घटतात आणि पहिली तारीख आपोआप उशिरा सरकते. ब्रिटनमध्ये स्मॉल टॉर्टॉइजशेलची संख्या बरीच घटली आहे. अशा जातीचं दर्शन उशिरा होऊ लागलेलं दिसलं, तर ते थंडीमुळे की दुर्मिळतेमुळे, हे नुसत्या पहिल्या तारखेवरून कळणार नाही.

मग रॉय आणि स्पार्क्स ह्यात फसले का? नाही, आणि इथेच त्यांचं श्रेय मान्य करावं लागतं. त्यांनी लोकांनी जमेल तशा पाठवलेल्या नोंदी घेतल्या नाहीत. त्यांचा डेटा ब्रिटनच्या फुलपाखरू गणना योजनेचा आहे. 1976 पासून चालू असलेल्या ह्या योजनेत ठरलेल्या वाटेवरून आठवड्यातून एकदा चालायचं, साधारण 5 मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसलेली फुलपाखरं मोजायची, आणि तेही ऊन-वारा नियमात बसत असेल तरच. त्यामुळे एका जागेवरचा शोध घेण्याचा प्रयत्न दर वर्षी जवळपास तेवढाच राहतो. शिवाय त्यांनी अख्ख्या देशातली एक सर्वांत लवकरची नोंद उचलली नाही, सरासरी तारखा घेतल्या. आणि पहिल्या दर्शनाच्या जोडीला बहराची तारीखही तपासली. दोन्ही एकाच दिशेने सरकताना दिसतात, म्हणून निष्कर्षावर विश्वास बसतो.

तरीही माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. ह्या योजनेचा हंगाम 1 एप्रिलला सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो, 26 आठवडे. आता ब्रिमस्टोन, पीकॉक, कॉमा, स्मॉल टॉर्टॉइजशेल ह्या जाती बघा. ही फुलपाखरं प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढतात आणि मार्चमध्ये, कधी फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दुपारीही बाहेर पडतात. मोजणारा माणूस 1 एप्रिलला वाटेवर येतो तेव्हा त्यांचं पहिलं दर्शन होऊन गेलेलं असतं. म्हणजे वसंताच्या सुरुवातीच्या ज्या जातींबद्दल आपल्याला सर्वांत जास्त उत्सुकता आहे, त्यांच्याच तारखा कॅलेंडरने कापल्या जातात. वसंत जितका लवकर, तितकी काप मोठी, आणि खरा बदल तितका लहान दिसणार.

दुसरा आक्षेप 'पहिलं दर्शन' ह्या शब्दांबद्दल. ऑरेंज टिप कोषात हिवाळा काढतं, त्यामुळे त्याचं पहिलं दर्शन म्हणजे कोषातून बाहेर पडणं. ब्रिमस्टोनचं पहिलं दर्शन म्हणजे झोपेतून उठणं. रेड अॅडमिरल पूर्वी मुख्यतः स्थलांतर करून येणारं मानलं जायचं, आता दक्षिण इंग्लंडमध्ये ते हिवाळाही काढतं आणि भर जानेवारीत उन्हात दिसतं. ह्या तीन घटना शरीरक्रियेच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. तापमानाशी तिघांचं नातं एकच असेल असं धरायला आधार नाही. जातवार आकडे वाचताना हा फरक आपणच डोक्यात ठेवायचा असतो, सारांशातलं एक वाक्य ते काम करत नाही.

तिसरा आक्षेप तापमानाचा. पेपरमध्ये गॉर्डन मॅन्ली यांनी तयार केलेली मध्य इंग्लंडची तापमानमालिका वापरली आहे. 1659 पासूनची ही मालिका म्हणजे हवामानशास्त्रातला ठेवा आहे, वाद नाही. पण गणनेच्या जागा देशभर विखुरलेल्या आहेत. एखादं वर्ष उबदार असलं की ते बहुधा सगळीकडेच उबदार असतं, त्यामुळे देशपातळीवरचा निष्कर्ष कोसळत नाही. तुम्ही मात्र एका जिल्ह्याबद्दल बोलणार असाल, तर तापमान त्या जिल्ह्याचंच हवं.

पहिल्या तारखांवर शंका घेणारा मी काही पहिला नाही. नेदरलँड्समधल्या आर्को व्हॅन स्ट्रीन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फुलपाखरांच्या पहिल्या दर्शनातल्या ह्याच दोषावर अख्खा पेपर लिहिला. तो जरूर वाचा.

मग जुन्या, हौशी नोंदी फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. नॉरफॉकमधल्या रॉबर्ट मार्शम ह्या जमीनदाराने 1736 पासून आपल्या इस्टेटीवर वसंताच्या खुणा टिपल्या: कोणतं फूल कधी उमललं, बेडूक कधी ओरडले, पिवळं फुलपाखरू कधी दिसलं. घरच्यांनी हे काम 1958 पर्यंत चालवलं. पहिल्याच तारखा, पण एक जागा आणि एक कुटुंब. बघणाऱ्यांची गर्दी वाढत गेलेली नाही, म्हणून त्या तारखांना वजन आहे. ह्याच्या उलट बी-फ्लाय घ्या. तिच्या नोंदी पाठवा अशी खास मोहीम ब्रिटनमध्ये 2016 पासून चालते. मोहीम उत्तमच आहे, पण 2016 च्या आधीच्या आणि नंतरच्या पहिल्या तारखा एकाच रेषेवर मांडायच्या नाहीत.

आता तुमच्या कामाचं. प्रादेशिक नोंदी वापरणार असाल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी चार गोष्टी करा. दर वर्षीच्या नोंदींची आणि नोंद करणाऱ्यांची संख्या आलेखात मांडा. सर्वांत पहिल्या नोंदीऐवजी पहिल्या 10 टक्के नोंदी जिथे पूर्ण होतात ती तारीख किंवा मध्यक घ्या, आणि वर्षाला दोन-तीन पिढ्या होणाऱ्या जातीत पिढ्या वेगळ्या करा, नाहीतर दुसरी पिढी मोठी झाली की मध्यक उगाच पुढे जातो. 'गेलो, पाहिलं, दिसलं नाही' अशा नोंदी असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. आणि कीटक कोणत्या अवस्थेत प्रतिकूल काळ काढतो, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आपल्याकडे वसंत असा वाजतगाजत येत नाही, आपला कीटकांचा हंगाम पावसाला बांधलेला. पण प्रश्न तोच राहतो. भंडारदरा, पुरुषवाडीकडे पावसाआधी काजवे चमकतात आणि ते बघायला दर वर्षी गाड्या भरून लोक जातात. उद्या कोणी काजव्यांच्या पहिल्या फोटोंच्या तारखा जमवून 'काजवे लवकर येऊ लागले' असं लिहिलं, तर तुम्ही काय विचाराल? काजवे लवकर आले, की कॅम्पवाल्यांनी तंबू लवकर ठोकले?

हा प्रश्न समितीने विचारायच्या आत स्वतःला विचारा. मला तो गाइडनी विचारला, म्हणून थोडक्यात निभावलं.