आपण कुणाच्या नावावर सही करतो?

जिओकॅशिंग हा खेळ आहे हे मान्य, पण मला तो लेखनप्रकारही वाटतो. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. पुढे या प्रकाराचा साचा ठरत गेला. जागेची चार ओळींची माहिती, शोध किती कठीण आणि वाट किती अवघड हे सांगणारे तारे, प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून लिहिलेली एक खूण आणि डब्यात छोटी वही. सापडलं की वहीत नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तिथे ठेवायचा.

हा डबा एखाद्या रणस्तंभाजवळ लपवला की या साच्याची खरी परीक्षा होते. त्याचं बळ असं की तो माणसाला घरातून उठवून नेमक्या जागेवर उभं करतो. इतिहासाच्या पुस्तकाला हे क्वचितच जमतं. पण गोष्टीचा कळस स्तंभाकडे नसतो, डब्याकडे असतो. स्तंभ उरतो तो 'त्याच्या मागचा तिसरा दगड' सांगण्यापुरता. वहीतही 'आलो, सापडलं, आभार' एवढंच असतं. न वाचता सही करण्याची सोय, ही या प्रकाराची मूळ अडचण.

नाशिकमध्ये हा मुद्दा फार जुन्या पुराव्यावर तपासता येतो.

दारणा-गोदावरीच्या संगमाजवळ, सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी गाव आहे. तिथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. मराठीत लपवलेली कॅश आणि रोख कॅश यांचा उच्चार एकच. इथे तर दोन्ही एकाच ठिकाणी! 13,000 हून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. मात्र बऱ्याच नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा पूर्ण पुसला गेलेला नाही. माझ्या मते ही नाशिकची पहिली लॉगबुक. नवा माणूस येतो आणि आधीच्याच्या नावावर सही करतो. फरक इतकाच, की त्या सहीखाली एक युद्ध आहे.

त्या युद्धाचं स्मारक पांडवलेण्यांत आहे. लेणं क्रमांक 3 मधल्या एका लेखात सातकर्णी गोवर्धन भागातल्या विजयी सैन्याच्या छावणीतून आज्ञा देतो: आतापर्यंत उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं शेत भिक्षूंना द्यावं. हा उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. त्याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षातला. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती अभिमानाने सांगते. विजयस्मारकाचा आवाज आईचा आहे, आणि म्हणूनच तो लेख नुसती दरबारी प्रशस्ती राहत नाही. पण त्याची उणीवही झाकायला नको. देशांची नावं आहेत, राजांची आहेत. लढलेल्या एकाही सैनिकाचं नाही.

आता थोडं चालून लेणं क्रमांक 10 मध्ये या. ज्याचं शेत गेलं त्या उषवदाताचा लेख इथे जसाच्या तसा आहे. 3,000 कार्षापणांचं दान: 2,000 गोवर्धनातल्या एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1,000 दुसरीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. वंश संपवल्याचं सांगणारी भिंत आणि त्याच वंशाच्या घरातला हा हिशेब, दोन्ही एकाच डोंगरावर. नाणं बाजारात फिरायचं होतं, म्हणून त्यावर छाप बदलला. दानाचा शब्द मात्र कुणी छिन्नीने उडवला नाही. स्मारक वाचायचं तर या दोन भिंतींमधलं अंतर चालावंच लागतं.

म्हणून अशा जागी डबा नको, असं माझं ठाम मत आहे. तोफखान्याचं केंद्र आणि नोटांचा छापखाना असलेल्या शहरात बेवारस डबा पाहून कुणी वही उघडणार नाही, पोलिसांना फोन करेल. शिवाय संरक्षित स्मारक खराब केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण या खेळाचाच एक बिनडब्याचा प्रकार आहे, व्हर्च्युअल कॅश. तिथे जागेवर गेल्याशिवाय देता येणार नाही असं उत्तर मागतात. इथे प्रश्न एवढाच असावा: तिसऱ्या लेण्यात ज्याचं शेत गेलं, त्याने दहाव्या लेण्यात काय दिलं?

हे उत्तर शोधायला फोन हातात असला तरी मान वर करावी लागते. जो साचा वाचकाला तेवढं करायला लावतो, त्याला मी चांगलं लेखन म्हणेन. नुसती सही तर छाप मारणाऱ्यांनीही केली होती.