घर भरलं बाईचं

‘अशी ही बनवाबनवी’ मी नेमका किती वेळा पाहिलाय हे सांगता येणार नाही. लहानपणी आमच्या पालमला तो टीव्हीवर लागला की पिक्चर आणि भारनियमन यांची शर्यत लागायची. कधी सुरुवात हुकायची, कधी शेवट. मधला भाग मात्र पाठ. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात एका लॅपटॉपभोवती आठ-दहा जण कोंबून बसायचो आणि डायलॉग पात्रांच्या आधी आम्ही म्हणायचो. आता तो तुकड्यातुकड्यांनी मोबाइलवर येतो. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारा मीम, इस्राईलच्या औषधात बुडालेले सत्तर रुपये, ‘हा’ की ‘ही’चा पार्वतीवरून झालेला घोटाळा. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाची सुट्टी नामंजूर झाली तरी विश्वास सरपोतदारांचा चेहरा पडतो.

या सगळ्यात एक माणूस कुणाच्या मीममध्ये फारसा दिसत नाही. लीलाबाई काळभोर.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडक्यात. 1988 सालचा पिक्चर, दिग्दर्शक सचिन, लेखक वसंत सबनीस. हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली कल्पना. पुण्यात राहायला जागा नसलेली चार पोरं. सरपोतदारांनी बाहेर काढल्यावर त्यांना एक चांगलं घर सापडतं, पण मालकीणबाईंची अट असते की जागा फक्त जोडप्यांनाच मिळेल. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि दोन खोटी जोडपी लीलाबाईंच्या घरात राहायला येतात. लीलाबाई झाल्या आहेत नयनतारा. पुढची सगळी धमाल या बाईंच्या छपराखाली, या बाईंना फसवून चालते.

हॉस्टेलात आम्ही लीलाबाईंकडे पात्र म्हणून बघतच नव्हतो. त्या म्हणजे अडथळा. सरपोतदार हा पहिल्या लेव्हलचा, लीलाबाई दुसऱ्या लेव्हलच्या. आम्ही सगळे धनंजय माने होतो आणि आम्हाला खोली हवी होती. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर तर ही ओळख आणखी पक्की झाली. ‘फॅमिलीलाच देतो, बॅचलर नको’ हे वाक्य मी एका महिन्यात अकरा वेळा ऐकलं. बाराव्या ठिकाणी मी सांगितलं की माझं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर बायको येणार आहे. कुठलंही लग्न ठरलेलं नव्हतं. खोली मिळाली. मित्रांना हा किस्सा सांगताना मी ‘बनवाबनवी’चाच हवाला दिला आणि सगळे हसले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 1988च्या पुण्यातल्या घरमालकाची भीती आजच्यासारखी नव्हती. तेव्हा 1947चा भाडेकायदा लागू होता. भाडं गोठलेलं आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढायचा तर कोर्टात वर्षं जायची. आज अकरा महिन्यांचा करार होतो आणि बाराव्या महिन्याला भाडं वाढतं. तेव्हा घर देणं म्हणजे जवळजवळ सोयरीक जुळवणं होतं. समोरचा माणूस आयुष्यभर आपल्या जिन्यावरून चढणार-उतरणार आहे, हे धरूनच मालक हो म्हणायचा. हे ध्यानात घेतलं की लीलाबाईंच्या अटीकडे बघायची नजर बदलते. आपण ती जुनाट, सोवळी अट समजतो. पण पैशाची ददात नसलेली एक बाई जोडप्यांनाच जागा देते, तेव्हा तिला कदाचित भाडेकरू नको असतात. तिला घरात सुना हव्या असतात.

अलीकडे एक दुसरी प्रतिक्रिया ऐकू येते. माझ्याच वयाचे मित्र म्हणतात, आता हा पिक्चर बघवत नाही, बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला किती फसवलंय. मलाही मध्ये एक-दोन वर्षं तसंच वाटायचं. विशेषतः डोहाळजेवणाच्या गाण्याला. पार्वतीला दिवस गेलेत असं घरात मानलं गेलंय, फुलं आहेत, बायका गोळा झाल्यात, कौतुक चाललंय आणि आपल्याला माहीत आहे की त्या साडीत लक्ष्मीकांत बेर्डे आहे. लहानपणी पोट धरून हसलेला हा प्रसंग मोठेपणी घशात अडकतो. ज्या बाळाची वाट बघितली जातेय ते येणारच नाही.

पण ही दयाही मला आता पुरती पटत नाही. दया केली की आपण त्या बाईकडून तिचं घर काढून घेतो. लीलाबाई बिचाऱ्या नाहीत. घर त्यांचं, अट त्यांची, कोण राहणार हे ठरवणार त्या. इस्टेटीवर डोळा ठेवून येणारा बळी (विजू खोटे) आहे, म्हणजे धोकाही आहे. ‘बिचारी’ म्हणून आपण मोकळे होतो आणि तिच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं.

वेषांतराच्या विनोदाला नेहमी एक विश्वास ठेवणारा माणूस लागतो. तो नसेल तर साडी नेसलेल्या पुरुषाकडे बघून दोन मिनिटं हसू येईल, तीन तास नाही. बिली वायल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (1959) तो माणूस म्हणजे ऑसगुड, बाईच्या वेषातल्या पुरुषावर भाळलेला श्रीमंत म्हातारा. पिक्चर त्याला फसवतो, पण शेवटचं वाक्य त्यालाच देतो आणि त्या एका वाक्यानं ऑसगुड सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. सबनीसांनी लीलाबाईंना दिलेली भरपाई वेगळी आहे. ज्या पोरांनी खोटं बोलून घर मिळवलं तीच पोरं बळीसमोर तिच्या बाजूनं उभी राहतात. राहणं खोटेपणानं मिळालं, पण राहिल्यावर नातं खरं निघालं, असा हिशेब. मग चारही जोड्या जुळतात आणि गोष्ट सुखानं संपते. माझी तक्रार एवढीच आहे की हा हिशेब फार घाईनं मिटतो. चौघांची लग्नं मार्गी लागतात, पण लीलाबाईंच्या घराचं पुढं काय, हे विचारायला पिक्चर थांबत नाही. आपणही थांबत नाही.

तरीही लीलाबाई लक्षात राहतात याचं श्रेय नयनतारांना द्यायला हवं. या पिक्चरमध्ये प्रत्येक जण हसू वसूल करायला निघालाय. अशोक सराफ भुवई उचलतो, बेर्डे पदर सावरतो, सुधीर जोशी नुसते चिडले तरी लोक हसतात. नयनतारा यातलं काही करत नाहीत. समोर खरंच सून उभी आहे असं समजून त्या बोलतात. त्यांनी जरा जरी ‘बघा, मी कशी फसतेय’ असा अभिनय केला असता तर परशुरामची पार्वती कोसळली असती. आपण ज्या बेर्डेच्या नावानं टाळ्या वाजवतो, त्यातला निम्मा विनोद नयनतारांच्या गंभीर चेहऱ्यावर उभा आहे.

हे सगळं मला सुचलं ते आज्जीमुळे.

आज्जी पालमला एकटी असते. आजोबा गेले, आई-बाबा नोकरीमुळे छत्रपती संभाजीनगरला, मी पुण्यात. तिला खूपदा बोलावलं, पण चार दिवसांच्या वर ती कुठं टिकत नाही. घर मोठं आहे. माळवदाच्या खोल्या, पुढं ओसरी, मागं गोठा, ज्यात आता गुरं नाहीत, फक्त जुनी कडब्याची कुट्टी करायची मशीन आहे. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा दुपारी टीव्हीवर ‘बनवाबनवी’ लागला होता. मी फोनवर, ती वाती वळत बसलेली. डोहाळजेवणाचं गाणं सुरू झालं तसा तिचा हात थांबला.

मी म्हणालो, “बघ आज्जी, कसं फसवलंय बाईला.”

“फसवलं तर फसवलं,” ती म्हणाली. “घर भरलं का नाही बाईचं?”

मी हसलो. ती हसत नव्हती. टीव्हीवरच्या त्या गर्दीकडे ती ज्या नजरेनं बघत होती ती दयेची नव्हती. ती हेव्याची होती. हॉस्टेलातल्या आमच्या हसण्यात आणि मोठेपणीच्या आमच्या हळहळण्यात एक गोष्ट सारखीच होती. दोन्ही वेळा आम्ही लीलाबाईंच्या घराबाहेरून बघत होतो. आज्जी घरातून बघत होती. तिला फसवणूक दिसत नव्हती असं नाही. तिला आधी चपला दिसत होत्या, दारात काढून ठेवलेल्या, एकाच वेळी इतक्या.

थोड्या वेळानं ती आणखी एक बोलली. “आन् तिला कळलं नसंल व्हय? बाई हाय का बाप्या, हे बाईला कळत नाही होय रे?”

पिक्चर बघणारा म्हणून मला याचं उत्तर माहीत आहे. नाही कळलं. पटकथेत तसा कुठं आधार नाही. लीलाबाईंना आधीच कळलं होतं असं म्हणणं म्हणजे सबनीसांनी न लिहिलेला सीन लिहिणं होईल. वेषांतराच्या खेळाचा नियमच असतो की मिशी काढली, पदर घेतला की माणूस ओळखू येत नाही. म्हणून मी आज्जीला तसं सांगितलं. पिक्चरमध्ये असंच असतं, म्हणालो. ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

दिवाळी संपली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मी पुण्याला परत आलो. तेव्हापासून दर रविवारी फोन होतो आणि दर रविवारी ती विचारते, कधी येतोस. मी म्हणतो, पुढच्या महिन्यात नक्की. रिलीज असते, सुट्टी नसते, कधी दोन्ही सबबी खऱ्या असतात, कधी एकही नसते. ती म्हणते, “ये बाबा. मधली खोली झाडून ठेवते.”

आईकडून कळलं की ती खरंच झाडून ठेवते. दर महिन्याला. गादी उन्हात टाकते, शेजारच्या काकूंना सांगते की पोरगा यायलाय. आणि फोन ठेवताना आवाजात कसलीही शंका नसते.

तिला कळलं नसंल व्हय?