‘सातो’ हे आडनाव : एका रूढ मताची परीक्षा

जपानातील सामान्य जनांना मेइजी काळापूर्वी आडनावेच नव्हती, ती १८७५ च्या आज्ञेने एकाएकी निर्माण झाली, असे एक मत रूढ आहे. ते खरे मानले तर जपानी साहित्यातील आडनावांकडे अर्थाच्या दृष्टीने पाहण्याचे कारणच उरत नाही. म्हणून त्याची परीक्षा अवश्य आहे. आणि त्यासाठी जपानातील सर्वांत प्रचलित अशा ‘सातो’ या आडनावाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

१८७० साली सामान्य जनांना आडनाव लावण्याची मुभा मिळाली व १८७५ साली ते सक्तीचे झाले, हे खरे. परंतु तोकुगावा राजवटीत निर्बंध होता तो आडनाव उघडपणे मिरविण्यावर. अनेक शेतकरी कुटुंबे ते खाजगीत बाळगून होती. मुभा आणि निर्मिती यांतील हा भेद वरील मतात पुसला जातो.

‘सातो’तील दुसरे अक्षर फुजिवारा या सरदारकुळाच्या नावातील ‘फुजि’ हेच असून येथे त्याचा उच्चार चिनी वळणाने ‘तो’ होतो. पहिल्या अक्षराविषयी मतभेद आहेत. कोणी ते ‘साएमोन’ या रक्षकदलातील पदाशी जोडतात, कोणी सानो या स्थळाशी, कोणी सादो बेटाशी. पदावरून आडनाव पडणे ‘कुलकर्णी’ म्हणणाऱ्या आपल्याला सहज पटते. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

साहित्यातील पुरावा मात्र निःसंदिग्ध आहे. कवी साइग्यो (१११८–११९०) याचे संन्यासापूर्वीचे नाव सातो नोरिकियो. १७४७ च्या ‘योशित्सुने सेम्बोन्झाकुरा’ या बाहुलीनाट्यात एक कोल्हा सातो तादानोबु या वीराचे रूप घेऊन वावरतो. खरा तादानोबु धन्यासमोर उभा असतानाच ‘सातो तादानोबु’ आल्याची वर्दी पुन्हा येते. या प्रसंगातील सारा ताण त्या नावावर आणि त्यामागील स्वामिनिष्ठेच्या लौकिकावर उभा आहे. आडनाव निरर्थक असते, तर तो उभाच राहिला नसता.

तथापि प्रत्येक सातो हा फुजिवारांचा वंशज मानणेही तितकेच चूक. येथे आडनाव रक्तापेक्षा घराचे असते. पंतप्रधान किशि नोबुसुके (१९५७–६०) व सातो एइसाकु (१९६४–७२) हे सख्खे भाऊ. थोरला पित्याच्या मूळ किशि घराण्यात दत्तक गेला, एवढेच. पतिपत्नींचे आडनाव एक असावे, हा नियमही १८९८ चा; १८७६ च्या आदेशानुसार पत्नीने माहेरचेच नाव लावावयाचे होते.

जाता जाता एक गोष्ट. मराठीत ‘साटो’ लिहिले जाते ते इंग्रजी वर्णांवरून. जपानी उच्चार दंत्य ‘त’चा, अन्त्य स्वर दीर्घ. मुळाशी जवळ असे लेखन आपल्या लिपीत सहज होत असता अनुवादकांनी इंग्रजीची वाट धरण्याचे प्रयोजन नाही.