क्रिओलतावाद आणि मॉरिशसचे मराठी

दोन भाषांच्या संपर्कातून जी तिसरी भाषा जन्मास येते, तिला भ्रष्ट म्हणावयाचे की स्वतंत्र, हा प्रश्न भाषाशास्त्राने बहुतांशी निकालात काढला आहे. वाङ्मयसमीक्षेत मात्र तो अद्याप जिवंत आहे. फ्रेंच संस्कृतीच्या छायेत वाढलेल्या बेटांवर या प्रश्नातून एक वाङ्मयीन चळवळच उभी राहिली. तिचा परामर्श मराठीत घेण्याचे प्रयोजन असे की, अशाच एका बेटावर, मॉरिशसमध्ये, मराठी कुळांच्या अनेक पिढ्या नांदत आल्या आहेत. त्या चळवळीचे सिद्धान्त या मराठी माणसांस कितपत लागू पडतात, हे पाहिल्यावाचून त्यांची खरी कसोटी लागणार नाही.

चळवळीची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मार्तिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घकाव्यातून कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाचा उद्घोष केला. एदुआर ग्लिसाँ यांनी १९८१ च्या ग्रंथात ही दृष्टी आफ्रिकेवरून खुद्द कॅरिबियन बेटांकडे वळविली. पुढे १९८९ मध्ये झाँ बेर्नाबे, पात्रिक शाम्वाझो आणि राफाएल काँफियाँ या तिघांनी ‘एलोज द ला क्रेओलिते’, म्हणजे ‘क्रिओलतेची प्रशस्ती’, हा जाहीरनामा काढला. आफ्रिकी, युरोपीय, भारतीय, चिनी अशा समाजांना ऊसमळ्यांच्या इतिहासाने एकत्र लोटले. त्यातून घडलेले मिश्रण हे न्यून नसून तीच आपली ओळख होय, असे त्याचे सार सांगता येईल.

या तिघांपैकी बेर्नाबे हे भाषाशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. क्रिओल म्हणजे मोडकी फ्रेंच नव्हे, हे केवळ अभिमानाचे वचन नाही. ते व्याकरणाने सिद्ध होते. मॉरिशसच्या क्रिओलचेच उदाहरण घ्यावे. तेथे पाण्यास ‘दिलो’ व घरास ‘लाकाझ’ म्हणतात. फ्रेंचमधील नामापूर्वीची उपपदे येथे नामाशी एकजीव झाली आहेत. ‘मो ती मांझे’ म्हणजे मी जेवलो, ‘मो पे मांझे’ म्हणजे मी जेवत आहे, ‘मो पू मांझे’ म्हणजे मी जेवणार आहे. क्रियापद तेच राहते; काळ व क्रियेची अवस्था स्वतंत्र अव्यये दर्शवितात. शब्द फ्रेंच असले तरी रचना तिची स्वतःची आहे.

तथापि जाहीरनाम्यात एक विसंगती आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. क्रिओलची ही प्रशस्ती फ्रेंचमध्ये लिहिली गेली. काँफियाँ यांनी आरंभीच्या कादंबऱ्या क्रिओलमध्ये लिहिल्या होत्या. १९८८ पासून तेही फ्रेंच कादंबरीकडे वळले. शाम्वाझो यांच्या ‘तेक्साको’ या फ्रेंच कादंबरीस १९९२ चे गोंकूर पारितोषिक मिळाले. क्रिओलच्या लयीने त्यांची फ्रेंच समृद्ध झाली यात संशय नाही. परंतु खुद्द क्रिओलच्या पदरी काय पडले, हा प्रश्न उरतोच.

मॉरिशसमध्ये याच प्रश्नास निराळे वळण मिळाले. १७१५ ते १८१० पर्यंत हे बेट फ्रेंचांकडे होते. पुढे इंग्रजी अंमल आला तरी फ्रेंच भाषा व चालीरीती टिकून राहिल्या. १८३४ पासून गिरमिटावर सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर तेथे नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, माणसांचा भरणा होता. त्यांच्या वंशजांच्या घरी आज बहुधा क्रिओलच बोलली जाते. मराठी उरली ती पूजाविधीत, गणेशोत्सवात, कोकणातील जाखडीचे वंशज असलेल्या ‘झाकरी’ नृत्यात आणि शाळेतील एक विषय म्हणून. ‘पूर्वजांची भाषा’ ही तिची तेथील अधिकृत ओळख होय.

येथेच क्रिओलतावादाची पहिली अडचण दिसते. मॉरिशसमध्ये ‘क्रिओल’ हे भाषेचे नाव आहे, तसेच ते मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या एका समाजाचेही नाव आहे. त्यामुळे मराठी कुळातील माणूस अष्टौप्रहर क्रिओल बोलेल, पण स्वतःस क्रिओल म्हणवून घेणार नाही. मार्तिनिकमध्ये जो शब्द सर्वांना कवेत घेऊ पाहतो, तोच येथे समाजासमाजांत भिंत घालतो.

या कोंडीतून वाट काढली ती तेलुगू कुळातील नाटककार देव विरासामी यांनी. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’चे रूपांतर सेझेर यांनी १९६९ मध्ये केले, ते फ्रेंचमध्ये. त्यात कॅलिबन हा बंडखोर कृष्णवर्णीय गुलाम आहे, आणि धनी व दास यांचा झगडा अखेरपर्यंत मिटत नाही. विरासामींनी १९९१ मध्ये त्याच नाटकास क्रिओल अवतार दिला व नाव ठेवले ‘तुफान’. हा शब्द मराठी वाचकास परका नाही. त्यांचा कॅलिबन संकरज आहे, आणि राजकन्या त्यालाच वरते. सेझेर यांची कृती काव्यदृष्ट्या अधिक प्रखर आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु मिश्र माणसाची कथा मिश्र भाषेत सांगण्याचे धैर्य विरासामींच्या कृतीत आहे, आणि ते जाहीरनाम्याच्याही पुढे जाते. २०१२ पासून प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला, त्यामागे अशा लेखकांचे परिश्रम आहेत.

दुसरी अडचण तात्त्विक आहे आणि ती ग्लिसाँ यांनीच दाखविली. त्यांच्या मते क्रिओलीकरण ही अखंड चालणारी प्रक्रिया आहे; ‘क्रिओलता’ म्हटले की तिची एक गोठलेली अवस्था होते. शुद्धतेचा अभिमान सोडून मिश्रणाचा अभिमान धरला, तरी अभिमानाची चौकट तीच राहते. याच सुमारास, १९९२ मध्ये, मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी गिरमिटियांच्या सागरप्रवासास केंद्रस्थानी आणणारी ‘कुलीत्वा’ची कल्पना मांडली. वंशाऐवजी प्रवासावर भर देणारी ही कल्पना मराठी गिरमिटियांस अधिक जवळची वाटावी.

यावरून मॉरिशसमधील मराठी लेखनाकडे कसे पाहावे, याविषयी एक निष्कर्ष निघतो. पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेच्या फूटपट्टीने ते मोजून त्यात उणेपणा काढणे हा अन्याय होय. दूरदेशी मराठी जगली म्हणून नुसते कौतुक करणे ही कृपादृष्टी होय. ज्या भाषेत तेथील मराठी माणूस भांडतो, हसतो व स्वप्ने पाहतो, तिचा श्वास त्याच्या मराठी वाक्यात उतरला आहे की नाही, हीच खरी कसोटी. तो उतरेल तेव्हा ती मराठी आपल्याहून निराळी असेल, आणि असावी.

असे म्हणण्याचा अधिकार मराठीस विशेष आहे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्याच उगमाशी क्रिओलीकरण झाले असावे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. त्यांचे अनुमान विवाद्य राहिले आहे. तरी ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद द्राविडी भाषांशी मिळताजुळता आहे, ही वस्तुस्थिती उरतेच. पांढरकवड्याच्या परिसरात तर यासाठी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि वऱ्हाडी या येथे एकाच बाजारात नांदतात. कोलामी बोलणाऱ्या मुलाचे मराठी वाक्य ‘अशुद्ध’ म्हणून तांबड्या शाईने खोडताना, आपण एक चूक खोडतो की एक घडती भाषा, हा प्रश्न येथील प्रत्येक अध्यापकाने स्वतःस विचारावयास हवा. प्रमाणभाषा शिकवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. ती शिकवताना मुलाची भाषा हा दोष न मानता त्याचे भांडवल मानावे, इतकाच क्रिओलतावादाच्या परीक्षणातून आपल्यापुरता निघणारा बोध आहे.